रूपीनं नवरदेव नेला

गंजाडच्या लाहू जीपवाल्याला मुलगा नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी ती हळहळ जपून ठेवावी, पुढेमागे दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल. लाहूला रूपी आहे, आणि पाड्यात ज्यांना तीन-तीन मुलगे आहेत त्यांना अजून रूपी झालेली नाही.

लाहूनं उमेदीची सगळी वर्षं डहाणू ते तलासरी शिटा भरून जीप चालवली. मग डोळे अधू झाले, समोरचा बैल की बाभूळ हे जवळ गेल्यावरच कळायला लागलं. तेव्हा त्यानं रूपीला जीपवर बसवलं. २०१४ साल होतं ते. भात कापून मोकळ्या पडलेल्या शेतांत बापलेक धूळ उडवत फिरायचे. लाहूचा नियम एकच, चपला काढून बसायचं. चाक कधी घसरतं, कधी रुततं ते तळपायाला आधी कळतं, असं तो म्हणायचा. बायका कुंपणाशी उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायच्या. रूपीनं बांध उतरताना दोनदा जीप बंद पाडली, तिसऱ्यांदा नाही पाडली. बायकाही मग घरी गेल्या.

लायसन मिळालं तसं तलासरीच्या चिमणशेठनं तिला आपल्या गाडीवर घेतलं. काम रोजचंच, डहाणूच्या मास्तर-बाईंना आतल्या गावांच्या शाळांत सोडायचं आणि परत आणायचं. २०१७ साली शेठनं नवी गाडी घेतली. तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल होतं. म्हणजे चाक जागच्या जागी फिरायला लागलं की गाडी आपण होऊनच इंजिनाचा जोर कमी करते, आणि समोर एक पिवळा दिवा लुकलुकतो. शेठच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरनं पुसता पुसता भलतंसलतं दाबून ठेवलं होतं, म्हणून शेठनं सगळ्या बटणांवर चिकटपट्टी मारली आणि बजावलं, "बेन, गाडी चलाव, पण बटनाला हात नाय लावायचा." रूपीनं मान डोलावली.

लाहूनं मात्र नाक मुरडलं. माणसानं गाडी चालवायची की गाडीनं माणसाला, हे त्याचं पालुपद. त्याच्या मते असली गाडी कुणीही सोम्यागोम्या चालवेल, मग लाहूच्या पोरीचं त्यात कौतुक ते काय. बोलण्यात राग होता, पण आत दुखत होतं ते वेगळंच. आपण पोरीला दिलेलं ज्ञान आता एका दिव्यानं करून दाखवावं, हे त्याला सोसवत नव्हतं.

त्याच पावसाळ्यात चिंचणीच्या वळणावर मासळीच्या टेम्पोतून पाणी सांडलं होतं. मासळीचं पाणी आणि वर पावसाची भुरभुर म्हणजे रस्त्यावर तेल ओतल्यासारखंच. मागे दोन मास्तर आणि कविताबाई. वळणातून निघताना रूपीनं ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीचं तोंड गटाराकडे सरकायला लागलं. तेवढ्यात दिवा लुकलुकला, इंजिन आपसूक नरम पडलं, गाडी सरळ झाली. मागे कविताबाईंचं बोलणं तुटलंसुद्धा नाही. रूपीनं घरी येऊन बापाला सरळ सांगितलं की माझ्या पायाला कळायच्या आत त्याला कळलं होतं. ती खोटं बोलत नाही, हाच तिचा मोठा दोष. लाहू त्या दिवशी जेवला नाही धड.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेजारच्या धाकल्याच्या मुलाचं, नविनचं लग्न निघालं. पाड्यातलं लग्न आणि पाड्यातली गाडी; नवरदेव आपल्याच गाडीतून जाणार हे रूपीनं मनोमन धरलं होतं. शेठकडून तिनं दिवस मागून घेतला, गाडी धुतली, फुलांच्या माळा सांगून ठेवल्या. पण धाकल्यानं नवरदेवासाठी तलासरीहून दुसरी गाडी ठरवली, पुरुष ड्रायव्हरसकट. बाईमाणसाच्या हाती नवरदेव द्यायचा आणि वाटेत काही अडलं तर लोक काय म्हणतील, असं त्यानं लाहूला सांगितलं. हाच धाकल्या स्वतःची बायको तापानं फणफणली तेव्हा रूपीच्याच गाडीतून तिला डहाणूला घेऊन गेला होता, तेव्हा बाईमाणूस आठवलं नाही. रूपीच्या वाट्याला आलं बुधीला आणायचं काम. बुधी म्हणजे धवलेरी, गाणी गाऊन लग्न लावणारी सुवासीण. ती आल्याशिवाय मांडवात पान हलत नाही. तरी नवरदेव तो नवरदेव. रूपीला फार लागलं, पण ती गेली.

येताना पुढे लाहू, मागे बुधी. पुलावरून वळसा फार, म्हणून उन्हाळ्यात सगळे पाड्याखालच्या कोरड्या नदीतून, रेतीतूनच गाड्या घालतात. मधोमध आल्यावर दिवा लुकलुकला. चिंचणीला त्यानंच तारलं होतं, म्हणून रूपी निर्धास्त होती. तिनं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. गाडी हुंकारायचीसुद्धा थांबली आणि पुढची चाकं रेतीत बसली. पलीकडच्या काठावर मांडवातली माणसं जमली. धाकल्यानं कपाळावर हात मारला आणि ट्रॅक्टर आणायला माणूस धाडला.

ट्रॅक्टरनं ओढून काढलेली बाई पाड्यात जन्मभर ट्रॅक्टरनं ओढलेलीच राहते, हे रूपीला पक्कं ठाऊक होतं. बुधीला ती खाली उतरून चालत जा म्हणाली, तर बुधी पानाचा विडा गालात सरकवून म्हणाली, "मना पोचवायचा काम तुझा. मी नाय उतरायची." आणि नेहमी दहा सूचना देणारा लाहू डोळे बारीक करून नुसता त्या पिवळ्या दिव्याकडे बघत होता. दिव्याचं त्याला काहीच कळत नव्हतं.

रूपी विचार करत राहिली. रेतीत चाक थोडं फिरलं तरच गाडी पुढे सरते. चाक फिरलं की हा दिवा जोर काढून घेतो. म्हणजे रस्त्यावरचं शहाणपण हा इथे चालवतोय. तिनं नखानं चिकटपट्टी उचकटली.

"शेठ नको बोललाय ना?" लाहू म्हणाला.

"शेठ रेतीत नाय बसलेला, बा."

दिव्यावर होतं तेच घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण दाबून धरलं, यंत्रणा बंद झाल्याची खूण समोर आली. तिनं चपला काढल्या, चाकं सरळ केली, आपल्याच चाकोरीतून हळूच मागे आली, आणि मग थांबायचं नाव न घेता सगळी रेती एका दमात कापून काठावर चढली. ट्रॅक्टर तोवर सुरूही झाला नव्हता.

कडक जमिनीवर येताच तिनं बटण पुन्हा दाबलं. परत कशाला लावतेस, असं लाहूनं विचारलं. पुढे डांबर आहे, तिथं त्याला माझ्याआधी कळतं, ती म्हणाली. लाहूनं ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदाच त्या गाडीला नावं ठेवली नाहीत. पोरगी यंत्राच्या ताब्यात गेली नव्हती, यंत्रालाही कामाला लावून बसली होती. 

दुपारी तलासरीची गाडी आली आणि नदीपलीकडेच थांबली. रेती पाहून ड्रायव्हरनं साफ सांगितलं, गाडी आत घालणार नाही, पुलाच्या वळशाचं भाडं ठरलेलं नाही, नवरदेवाला चालवत आणा. हळद लावलेला, मुंडावळ्या बांधलेला नविन भर उन्हात रेती तुडवत जाणार म्हटल्यावर धाकल्याचा चेहरा उतरला. तो रूपीपाशी आला, इकडचं तिकडचं बोलला, शेवटी म्हणाला, "पोरी, नविनला तू घे."

रूपी काच पुसत होती. तिनं हात थांबवला नाही.

"काका, नदीपर्यंत का नवरीच्या दारापर्यंत?"

मांडवातल्या बायका कान देऊन पुढे सरकल्या. धाकल्यानं एकदा लाहूकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या गाडीकडे.

"दारापर्यंत," तो म्हणाला.

नविन, त्याची करवली, बुधी आणि धाकल्या बसले, आणि गाडी भरली. लाहूला जागा उरली नाही. रूपी म्हणाली, बा, तू पुढे बस, मी दुसऱ्या कुणाला उतरवते. त्यानं ऐकलं नाही. तो वऱ्हाडाच्या टेम्पोत चढला, मागे, दांडीला धरून उभा. पुढची गाडी त्याला धड दिसत नव्हती, तरी नवरीच्या गावापर्यंत वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला तो ओरडून सांगत होता की नवरदेवाची गाडी माझी रूपी चालवतेय.