पुरावा म्हणून जपलेली घाण

आमच्या गल्लीत ईमेलचा पत्ता एकच, माझा. सिल्वासात मी शाळामास्तर म्हणून आलो त्याला बरीच वर्षं झाली. आजूबाजूला धुळे-नंदुरबारकडची कुटुंबं, बहुतेक सगळी मसाटच्या कारखान्यांत. फोन प्रत्येकाच्या हातात, त्यात मेलही असतो, पण कुठे पत्ता द्यायची वेळ आली की माझाच देतात. सरकारी मास्तरांचा मेल दिला की वजन पडतं, अशी या मंडळींची ठाम समजूत. सुरुवातीला मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग मोबाइलच्या दुकानातल्या लकी ड्रॉपासून वापीच्या प्लॉटच्या स्कीमपर्यंत सगळीकडे माझा पत्ता पोचला आणि घाण यायला लागली. कर्ज घ्या, टक्कल घालवा, खानवेलच्या डोंगरात बंगला बांधा. 'यापुढे पाठवू नका' असं बटण दाबावं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. शेजारच्या ताई एका औषधाच्या कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगला जातात. एकदा त्या आपल्या मुलीला घेऊन तिचा निकाल बघायला आल्या. मी लॅपटॉप उघडला तर सगळ्यात वर पुरुषांची ताकद वाढवणारं चूर्ण, चित्रासकट. ताईंनी पदर तोंडाला लावला, मुलगी पंख्याकडे बघायला लागली. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी मी सरकारकडे तक्रार केली. नको असलेल्या जाहिरातींच्या तक्रारी घेणारी एक कचेरी आहे, तिच्या वेबसाइटवर. लगेच उत्तर आलं, यंत्रानेच पाठवलेलं: तक्रार नोंदवली आहे, मूळ मेल पुरावा म्हणून जपून ठेवावेत, डिलीट करू नयेत. मी पडलो मास्तर. सूचना म्हणजे सूचना. स्पॅममधलं महिन्याभराने आपोआप पुसलं जातं, म्हणून मी रोज शाळेतून आलो की ती घाण एकेक करून उचलायची आणि 'पुरावा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. बंगलेवाले तर व्हिडिओच्या व्हिडिओ पाठवायचे, तेही ठेवले. लोक उकिरडा बाहेर टाकतात, मी तो घरात रचत होतो. बायको म्हणायची, "आधी हात धुवा, मग चहाला बसा." ती चेष्टा करायची, पण मी खरोखरच धुवायचो.

अशातच ताईंची मुलगी बीएस्सी झाली आणि त्यांच्याच कारखान्याच्या लॅबमध्ये जागा निघाली. मुलीचा स्वतःचा मेल होता. पण ताईंनी अर्जावर माझाच लिहायला लावला.

"सर, तुमना मेल शे म्हनजे काम व्हई जाई."

लॅब म्हणजे कंपनीची नोकरी, बसायला स्टूल. पॅकिंग म्हणजे ठेकेदार आणि दिवसभर उभं राहणं. मुलीवर त्या लाइनीत उभं राहायची पाळी येऊ नये, म्हणून ताई इतकी वर्षं तिथे उभ्या होत्या. रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरल्या की आधी आमच्या दारात.

"मेल उना का, सर?"

आला नव्हता. जाहिरातीही आताशा येत नव्हत्या. मला वाटलं, सरकारने दणका दिला! मेलच्या वर फक्त एक लाल पट्टी दिसायची, जागा संपली आहे, जास्त जागा विकत घ्या. 'विकत घ्या' दिसलं आणि माझं डोकं फिरलं. ही आणखी एक निर्लज्ज जाहिरात, म्हणून मी ती पुढे वाचलीच नाही.

शेवटी मुलगी स्वतःच मसाटला जाऊन आली. तिथला ऑफिसातला माणूस म्हणाला होता, "इंटरव्ह्यू का मेल भेजा था मॅडम, वापस आ गया. आपका मेलबॉक्स फुल है." जागा भरून गेली होती.

संध्याकाळी दोघी आमच्याकडे आल्या. मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती लॅपटॉपसमोर बसली.

"सर, हे सगळं कशाला ठेवलंय?"

"पुरावा आहे तो."

"उडवू?"

मी मान हलवली. चूर्ण, टक्कल, बंगले, सगळं गेलं. जरा वेळाने बाहेर अडकून पडलेला एक मेल आत आला. दारात उभ्या असलेल्या ताई झटकन पुढे आल्या. मुलीने मोठ्याने वाचलं. त्या कचेरीचं उत्तर होतं. आम्ही केवळ फोन आणि एसएमएसच्या तक्रारी घेतो, ईमेल आमच्या कक्षेत येत नाही, सबब आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, ते कृपया कळवावे.

मला त्या चूर्णाचीसुद्धा एवढी किळस आली नव्हती.

ताईंना त्यातलं काही कळलं नाही. "काय म्हनतस, सर?" त्यांनी विचारलं. "पोरले परत बलावतस का?"

मी नाही म्हणालो.

आता सकाळच्या बसला कोपऱ्यावर मायलेकी दोघी उभ्या असतात, हातात जेवणाचे डबे. संध्याकाळी ताई आमच्या दारात थांबत नाहीत. मेलबॉक्समध्ये भरपूर जागा आहे.