साडभाऊंची जुनी आवृत्ती

सुरू असलेली गोष्ट बंद करणं ज्याला जन्मात जमलं नाही, असा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. अमडापूरला राहतात, चिखलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. घर नव्यानं बांधलं तेव्हा दर्शनी बाजू रस्त्याकडं आली, पण मागचं जुनं दार त्यांनी गवंड्याला बुजवू दिलं नाही, कारण शेजारची म्हातारी साखर मागायला त्याच दारानं यायची. म्हातारी कधीच गेली. दार आहे, त्यातून आता मांजरं येतात. बैठकीतल्या एकाच दिव्याला दोन बटनं आहेत, एक जुनं काळं आणि एक नवं पांढरं. कोणतं वर असताना कोणतं खाली पाहिजे हे घरच्यांनाच माहीत, त्यामुळे नवा पाव्हणा बराच वेळ अंधारात बसतो. जुन्या बटनाची सवय असलेल्या माणसाची गैरसोय नको, एवढाच त्यामागचा हेतू. खिशात फोनही दोन. जुन्या नंबरवर आता फक्त कर्ज घेता का म्हणून विचारणाऱ्या पोरींचे फोन येतात. तेही ते शेवटपर्यंत ऐकून घेतात, मग म्हणतात, "न जाणो भाऊ, कोण्या जुन्या माणसाजवळ तोच नंबर असन."

दार आणि दिवा एवढंच असतं तर मी एक वेळ निभावून नेलं असतं. पण मी आमच्या खानदानातला पहिला पदवीधर. कोणी विचारलं नाही तरी हे मी सांगतो, कारण ते फुकटात मिळालेलं नाही. डोणगावच्या शाळेत मराठी शिकवतो, म्हणून नात्यातल्या लग्नपत्रिकेपासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळं मराठी माझ्या गळ्यात पडतं. साडभाऊंनी त्यात एक कॉम्प्युटरचा प्रोग्राम टाकला. लहान वाचनालयांसाठी आहे तो. कोणतं पुस्तक कोणी नेलं, कधी परत आणलं, एवढं त्यात ठेवता येतं. हा प्रोग्राम कुठल्या कंपनीचा नाही. गावजेवणासारखं काम आहे ते. कोणी कांदे चिरतो, कोणी वाढतो, आणि मालक शोधायला गेलं तर सापडत नाही. फरक एवढाच की इथले आचारी एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. एक ब्राझीलमध्ये, एक केनियात, एक अमडापुरात. आणि जेवणारे ताटावर बसायच्या आधीच मीठ कमी आहे म्हणून कळवतात. त्यातली सगळी बटनं मराठीत केली ती मी. कोणी आभार मानले नाहीत. एकानं मात्र 'जमा करा'च्या जागी 'परत घ्या' पाहिजे होतं असं तीन परिच्छेदांत कळवलं.

पुढं या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली. ती चांगली होती, पण जुनाट कॉम्प्युटरवर चालत नव्हती. म्हणून काही दिवस दोन्ही सांभाळायचं ठरलं. दोन्ही सांभाळायचं म्हणजे एक चूक सापडली की ती दोन ठिकाणी दुरुस्त करायची. लोक हळूहळू नवीवर गेले, आणि या सगळ्या आचाऱ्यांनी पडद्यावरच सभा भरवून ठरवलं की जुनी आता सोडायची, ज्याला हवी त्यानं ती एकट्यानं सांभाळावी. साडभाऊंनी हात वर केला. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मदतीला कोणी आलं नाही.

तेव्हापासून त्यांची पहाट जुन्या आवृत्तीत जाऊ लागली. उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि हे थांबलं नाही तर चमचा धरणं अवघड होईल असं स्पष्ट सांगितलं. साडभाऊ डाव्या हातानं टाइप करायला शिकले. ताई, म्हणजे माझी मेहुणी, मला फोन करायची. "घरचं सिलेंडर संपलं तं ह्यायले पत्ता नसते," ती म्हणायची, "पण केन्यातल्या मास्तरचं पुस्तक जमा नाही झालं तं ह्यायच्या घशाखाली घास उतरत नाही. तुमी शिकेल-सवरेल माणूस आहा, समजावा न."

मी समजावत होतो, पण आडवं येत होतं ते बीबी गाव. केनियातला तो मास्तरही नवीवर गेल्यावर जुनी आवृत्ती वापरणारं त्यांच्या माहितीतलं शेवटचं वाचनालय बीबीला होतं, विहाराला लागून असलेल्या एका खोलीत. ते चालवणारे दादा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्याकडं कोणीतरी दिलेला जुना कॉम्प्युटर, त्याच्यावर नवी चालायची नाही. पहिल्याच भेटीत साडभाऊंनी त्यांना शब्द दिला होता की बीबीचा एक माणूस वापरतो आहे तोवर हे चालू राहील. मग दर महिन्या-दोन महिन्यांनी दादांचा फोन यायचा, "सायेब, यंत्र बसलं बा." साडभाऊ बसनं मेहकरला उतरायचे, तिथून मी मोटरसायकलवर सुलतानपूरमार्गे बीबीला न्यायचो. जावं तर दादा दारात चहा घेऊन उभे, आणि कॉम्प्युटरची मागची वायर निघालेली. दर वेळी तीच वायर. साडभाऊ ती बसवायचे आणि परतीच्या वाटेवर म्हणायचे, "इथं उंदरं लय हायेत." एवढ्यासाठी माझे किती रविवार गेले ते मी मोजलेलं नाही, मोजायला गेलं तर रडू येईल.

शेवटी एके दिवशी मी त्यांच्याकडं गेलो असताना, जेवताना साडभाऊंच्या हातातून वाटी निसटली. ताईनं सांडलेलं वरण पुसलं आणि त्यांच्या ताटात डाव्या बाजूला दुसरी वाटी ठेवली. त्याच संध्याकाळी साडभाऊंनी मला जुनी बंद होत असल्याची सूचना लिहायला सांगितली. मी दोन ओळी लिहिल्या, जुनी आवृत्ती यापुढे सांभाळली जाणार नाही, सर्वांनी नवी घ्यावी. "हे वाचून माणूस रडन न भाऊ," म्हणत त्यांनी त्यात दिलगिरी घातली, मग कृतज्ञता, मग आग्रहाचं निमंत्रण असावं असं काहीतरी, आणि खाली 'अडचण आल्यास केव्हाही फोन करावा' म्हणून दोन्ही नंबर. मी खोडत होतो, ते भरत होते. अखेर म्हणाले, आधी दादांना तोंडावर सांगू, मग जगाला. फोनवर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून न कळवताच निघालो.

खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर, त्याच्यावर आमची नवी आवृत्ती, मी मराठीत केलेल्या बटनांसकट, आणि दादा एका बाईचं पुस्तक जमा करून घेत होते. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात जमिनीवर होता. त्याच्यावर दिवाळी अंकांचा ढीग, ढिगावर टेबलफॅन. दादांनी आम्हाला पाहिलं आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून चालू पडद्यावर टाकला.

"माहं पुस्तक जमा झालं का नाही मंग?" ती बाई म्हणाली.

मग दादांनी सांगितलं. गावातल्या, पुण्याला नोकरीत असलेल्या एका पोरानं नवा कॉम्प्युटर कधीचाच दिला होता. आम्ही यायच्या दिवशी तो विहाराच्या कपाटात जायचा आणि जुना टेबलावर चढायचा. वायर दादाच काढून ठेवायचे.

"काऊन पण?" साडभाऊंनी विचारलं.

"तुमीच बोलले होते न सायेब, बीबीचा एक माणूस हाय तोवर चालू राह्यते. आमचा एक रूट होता. शेवटी शेवटी एकच म्हातारा बसे त्यात. तो खपला अन् डेपोनं रूट बंद केला, अन् मले खिडकीत पास फाडाले बसवलं. म्या म्हटलं, आपल्यापायी सायबाची रोजी नाही गेली पाह्यजे."

"मले याचा पगार नाही भेटत, दादा."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी खरं आहे म्हणून मान हलवली.

"मंग तुमी काऊन करत होते?"

साडभाऊ मनगटाचा पट्टा चाचपत राहिले. "तुमी होते म्हणून," ते म्हणाले.

दादांनी टेबलफॅन खाली ठेवला, दिवाळी अंक उचलले. साडभाऊंनी जमिनीवर बसून डाव्या हातानं वायर लावली. जुनी आवृत्ती रखडत रखडत उघडली. त्यांनी तिच्यात वर-खाली थोडं पाहिलं, आणि मग स्वतःच्या हातानं रीतसर बंद केली. त्यांना कुठलीही गोष्ट बंद करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती बाई तशीच उभी होती. दादांनी दुपट्टा उचलला आणि तिचं पुस्तक जमा करून घेतलं.

सूचना आम्ही सुलतानपूरच्या चहाच्या टपरीवरून टाकली. साडभाऊंच्या आग्रहाखातर मी एक नंबर राहू दिला, जुना. केनियाच्या मास्तरनं आभार मानले, बाकी कोणाला पत्ताही लागला नसावा. ताई सांगते, हात आता बरा आहे, पण सकाळी चहा घेऊन घरभर फिरतात. मागचं दार काढायला मिस्त्री बोलावला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला.

परवा त्यांचा मला फोन आला, आवाज गोंधळलेला. बीबीहून दादांनी बोलावलं होतं. काय बिघडलं म्हणून यांनी विचारलं, तर दादा म्हणाले, "काही नाही बिघडलं. तुमी या फक्त."

"मंग जाऊन करू काय, भाऊ?" साडभाऊ मला विचारत होते.

मेहकरच्या स्टँडवर ते बसमधून उतरले तेव्हा खांद्याला तीच पिशवी होती, ज्यात वायरी आणि पेचकस असायचे. आज कशाला, म्हणून मी हात लावून पाहिलं, तर रिकामी. हात मोकळे बरे वाटत नाहीत, म्हणाले. रविवार होता, ऊन होतं, आणि मला खरंच कंटाळा आला होता. मी म्हटलं, बसा.