न उडालेलं काडतूस

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत हाताळलेले बरेच गुन्हे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याच्या हद्दीतला, असं कोणी विचारलं तर डोकं खाजवावं लागेल. पण निवृत्तीनंतर जपानमध्ये घडलेलं एक प्रकरण, ज्याचा तपास माझ्याकडे नव्हताच, ते मात्र अथपासून इतिपर्यंत आठवतं. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

पुणे जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी योकोहामाला मुलीकडे तीन महिने राहायला गेलो. मुलगी आणि जावई दोघेही आयटीत. त्यांच्या इमारतीत चार-पाच मराठी घरं होती. पोलीसवाला आलाय म्हटल्यावर लोक किस्से ऐकायला यायचे आणि मीही सांगायचो. निवृत्त पोलिसाला आयते श्रोते मिळाले की तो कशाला सोडतो?

असाच एका शनिवारी चौथ्या मजल्यावरचा एक इंजिनिअर बायकोसह जेवायला आला होता. खालच्या मजल्यावर एकटा राहणारा एक तरुण संशोधकही होता. जावयाने पानशेतकडे थोडी जागा घेतली आहे. काही वर्षांनी परत जायचं, तिथे राहायचं, रानात भटकायचं असा त्याचा बेत. परवाना काढून एखादं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यावं म्हणतो, पण कोणतं घेऊ, असं त्याने मला विचारलं.

हा माझा हातखंडा विषय. शस्त्र परवान्यांच्या चौकशा मी ढिगाने केल्या आहेत. मी सांगितलं, दिवसभर चालायचं असेल तर पहिला विचार वजनाचा. हौशी माणूस दुकानात जाऊन चांगलं भारदस्त हत्यार पसंत करतो, दोन रविवार पट्ट्याला लावतो आणि तिसऱ्या रविवारी ते कपाटातच राहतं. मग ते चोराच्या उपयोगाचं. त्यापेक्षा पॉइंट टू-टूचं, म्हणजे बारीक गोळीचं, छोटं रिव्हॉल्व्हर बरं. हलकं, हाताला धक्का नाही, आवाज बेताचा. मात्र नळी फार आखूड घेतली तर दहा पावलांवरचा नारळही चुकतो, आणि बिबट्या समोर आला तर या गोळीने तो फक्त चिडेल. छोट्या हत्याराचा ट्रिगर कडक असतो, तो घेण्याआधी स्वतः ओढून पाहायचा. आणि घामाने गंज धरतो, तेव्हा घरी आल्यावर पुसल्याशिवाय ठेवायचं नाही.

इंजिनिअर तोवर गप्प जेवत होता. मग सहज म्हणाला, "टू-टूचं अजून एक आहे काका. कधी कधी पहिल्या ठोक्याला राउंड उडतच नाही. पण रिव्हॉल्व्हर असलं की टेन्शन नाही, परत ट्रिगर ओढला की पुढचा येतो."

मी मान डोलावली. या गोळीच्या बुडाला मध्ये टिकली नसते. पेट घेणारा मसाला कडेत भरलेला असतो, आणि एखाद्या जागी तो कमी पडला की ठोका फुकट जातो. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मग श्रीखंड आलं आणि विषय बदलला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी इमारतीत पोलीस आले. तिथे कचरा वार लावून टाकतात. आज ओला, उद्या प्लॅस्टिक, अमुक दिवशी धातूच्या लहान वस्तू. पिशवी पारदर्शक लागते, आणि आमच्या इमारतीचे वयस्कर व्यवस्थापक प्रत्येक पिशवी निरखून बघायचे. धातूच्या दिवशी त्यांना एका पिशवीत जिवंत काडतूस दिसलं. जपानमध्ये सामान्य माणसाला रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळतच नाही. नुसती एक गोळी बाळगणं हादेखील गुन्हा. त्यामुळे दोन पोलीस दारोदार फोटो घेऊन फिरू लागले.

आमच्याकडे आले तेव्हा मुलीने दुभाष्याचं काम केलं. फोटो दोन होते. एक काडतुसाचा, दुसरा त्याच पिशवीतल्या एका पितळी चकतीचा. चकतीला तडा गेलेला आणि मधोमध चांदणीच्या आकाराचं भोक. हा हत्याराचा भाग असेल का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, तो फोटो बाजूला सारला आणि काडतुसाचा फोटो डोळ्यांजवळ धरला. बुडाच्या कडेवर ठोक्याची खूण स्पष्ट होती. हे टू-टूचं आहे, ठोका बसूनही उडालेलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. त्या पोलिसाने कमरेत वाकून आभार मानले. त्याला हे आधीच ठाऊक असणार, पण त्याने तसं दाखवलं नाही. एवढी अदब मला माझ्या ठाण्यात कोणाला शिकवता आली नव्हती.

संशय गेला तो संशोधकावर. चुकीच्या दिवशी कचरा टाकल्याबद्दल व्यवस्थापकांनी त्याला आधी दोनदा टोकलं होतं, आणि त्या सकाळी कचऱ्याच्या जागेपाशी त्यांनी त्याला पाहिलंही होतं. पोलिसांनी त्याला दोन वेळा बोलावून चार-चार तास बसवून घेतलं. महिनाअखेर संस्थेत त्याची नेमणूक पुढे वाढायची होती, व्हिसा त्यावर अवलंबून, आणि संस्थेच्या कार्यालयाने हे काय प्रकरण आहे म्हणून लेखी खुलासा मागितला होता. तीन वर्षांचं संशोधन अर्ध्यावर टाकून परत जायची पाळी आली होती. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

मी त्याचा जबाबच घेतला म्हणा ना. तू टाकलंस का? नाही. कधी हत्यार हातात धरलंस? कधीच नाही. पिशवी ठेवताना कोणी दिसलं?

"नाही काका. कोणीच नव्हतं."

हे बोलताना त्याने नजर खाली घातली. घाबरलाय बिचारा, असं मी धरून चाललो. खोटं बोलणारा मला डोळ्यांवरून कळतो, ही माझी जुनी घमेंड. हा पोरगा खरा आहे असं मी मुलीला सांगून टाकलं आणि खरा माणूस शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना मला धागा सापडला. न उडालेली गोळी जपून कोण ठेवतं? गुन्हेगार ती नाल्यात भिरकावतो. आपल्याकडचा परवानाधारक मात्र ठेवतो, कारण नवी काडतुसं घेताना जुन्यांच्या रिकाम्या पुंगळ्या दाखवाव्या लागतात आणि प्रत्येक गोळीचं काय झालं ते सांगावं लागतं. म्हणजे ही गोळी कायदा पाळणाऱ्या भारतीयाची होती. मग मला त्या शनिवारचं बोलणं आठवलं. पहिला ठोका फुकट जातो हे बोलणारा माणूस ऐकीव बोलत नव्हता. माझ्या जावयाला हत्यार निवडायचं होतं. इंजिनिअरने ते निवडून, वापरून झालेलं होतं.

संध्याकाळी मी एकटाच चौथ्या मजल्यावर गेलो. इंजिनिअरने रिव्हॉल्व्हर असल्याचं लगेच कबूल केलं. ट्रेकला न्यायला म्हणून घेतलं होतं, जपानला येण्याआधी पुण्यात परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं. फोनवर पावती काढून दाखवली.

"वेपन आणि सगळे राउंड्स डिपॉझिट केलेत काका. मी काही टाकलेलं नाही."

एकच प्रश्न मी पाच तऱ्हांनी विचारला. मध्येच गप्प बसून राहिलो, त्याने भलेभले बोलतात. खाली त्या पोराचं काय चाललंय ते सांगितलं. इंजिनिअरने कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला होता हे मला जावयाकडून कळलं होतं. तेही त्याच्या तोंडावर टाकलं. त्याला घाम फुटला, आवाज चढला. तुम्ही आता ड्यूटीवर नाही आहात, असं त्याने मला सुनावलं. हा खोटं बोलतोय याबद्दल माझी खात्रीच पटली. त्याच्या बायकोने आणून ठेवलेला चहा मी तिच्याकडे न बघताच प्यायलो. उठताना शेवटचा डाव टाकला, की उद्या सकाळी चौकीत जाऊन मी तुझं नाव देणार.

"काका, बसा," त्याची बायको म्हणाली. "मी टाकलं ते. ह्याला खरंच माहीत नाही."

तिने मग सगळं सांगितलं. ट्रेकची सॅक धुवायला काढली होती. पुण्याहून घरसामान जहाजाने आलं तेव्हा त्यातून आलेली ती सॅक. आतल्या कप्प्यात टिश्यूत गुंडाळलेली ती गोळी निघाली; नवरा कधी तरी ठेवून विसरला असणार. नवऱ्याला सांगितलं तर तो धास्ती घेईल, झोपायचा नाही, अर्जाचं काय होईल म्हणत बसेल. धातू आहे, धातूच्या दिवशी जाईल, असं म्हणून तिने ती मोडक्या वस्तूंबरोबर पिशवीत घातली. इतक्या वर्षांत कचरा वेगळा करायची सवय हाडीमांसी खिळलेली.

"त्या फोटोत सोऱ्याची चकती होती, काका. चकलीची. तुम्ही ओळखणारच असं वाटलं होतं मला. तो मुलगा एकटा राहतो, तो कशाला चकल्या पाडेल? कोणी तरी विचारेल म्हणून मी नऊ दिवस वाट बघतेय. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आपणहून तोंड उघडत नव्हतं. आणि तुम्ही आज तासभर इथे बसलात, मला एक प्रश्न विचारला नाहीत."

मला लाज वाटली. फोटो माझ्या हातात होता. मुलगी चकल्या विकत आणते, पण माझ्या घरी दर दिवाळीला सोऱ्या निघतो. तरी मी ती चकती ओळखली नाही, कारण मी फक्त काडतूस पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कोबानमध्ये, म्हणजे तिथल्या पोलीस चौकीत गेलो. तिथल्या पोलिसाने पहिली खुर्ची तिला दिली. ती दुकानात पार्ट-टाइम काम करते, जपानी सफाईदार बोलते. तिने आपला जबाब दिला; ऑफिसात इंग्रजीवर निभावणारा नवरा शेजारी हात बांधून बसला होता. पुण्याहून परवान्याची प्रत मागवली, पावती दिली. आपणहून आली, हत्यार नाही, हे पाहून पुढे खटला भरला गेला नाही. पण कायम वास्तव्याचा अर्ज त्यांनी मागे घेतला, आणि परवानाही परत करून टाकला. संशोधकाचं नाव त्याच आठवड्यात वगळलं गेलं. व्यवस्थापक त्याच्या दारात जाऊन वाकून उभे राहिले. त्याची नेमणूक वाढली.

चौकीतून आल्यावर ती त्याची माफी मागायला गेली. एकटीला जायचा धीर होईना, म्हणून मी बरोबर होतो. तुझं नाव आलं तरी मी गप्प बसले, एवढं बोलून तिला रडू आवरेना. तो अवघडून उभा होता.

"वहिनी, मी बघितलं होतं तुम्हाला पिशवी ठेवताना. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने पडलो होतो, तेव्हा आठ दिवस तुमच्याकडून डबा येत होता. तुमचं नाव मी कसं सांगणार?"

म्हणजे पोलिसांसमोर आठ तास आणि माझ्यासमोर अर्धा तास तो पोरगा खोटं बोलला होता. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, या एका समजुतीवर मी नोकरी काढली, आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरली. बक्षिसं मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्याला वाचवायला खोटं बोलणारा माझ्या टेबलासमोरही कधी तरी बसला असेल. त्याची खाली गेलेली नजर पाहून मी त्याला कोठडीत पाठवलं असेल. असा कोण होता, हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही.