आतोबांचा हवाबंद कॉम्प्युटर

आमच्या आतोबांइतका हवेचा धसका घेतलेला माणूस सबंध कोकणात सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, घर रत्नागिरीत मांडवीला, समुद्र हाकेच्या अंतरावर. वाऱ्यातला खार वस्तू खातो, या एका सत्यावर त्यांचा संसार उभा. घरातली कुलपं खोबरेल प्यायलेली, स्कूटरला बारमाही रेनकोट, आणि टीव्हीच्या रिमोटवर इतक्या प्लास्टिकच्या पिशव्या, की बटण सापडेपर्यंत बातम्या संपून हवामानाचा अंदाज सुरू होई. एकदा उकडतंय म्हणून मी खिडकी उघडली, तर म्हणाले, "तुला वारा हवा तर किनाऱ्यावर जा रे. माझ्या पंख्याच्या जिवावर कशाला उठतोस?"

गेल्या वर्षी आत्याला अर्धांगाचा झटका आला. ती सावरली, हिंडू-फिरू लागली, पण उजवा हात रुसून बसला. बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दाबायला मऊ चेंडू दिला, तो तिने कपाटावर टाकला. "मी काय पाळण्यात आहे?" जन्मभर कचेरीत टायपिंग केलेली बाई, नव्या लॅपटॉपकडेही बघेना. "आमचा कचेरीतला तो पोट सुटलेला कॉम्प्युटर असता, तर बसले असते," एवढं एकदा बोलून गेली. झालं! आतोबांनी माझ्याकरवी पत्त्यांच्या कॅटाएवढ्या एका बोर्डावर मावलेला सबंध कॉम्प्युटर मागवला, आणि त्याच्या पेटीसाठी फणसाचा जुना पाट कापायला घेतला. डाळीच्या डब्याएवढी पेटी, पुढे फुगीर चौकट, आत चिमुकला पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. रंगसुद्धा कचेरीतल्यासारखाच पिवळटलेला. आत्या येता-जाता नुसती बघायची. मला मात्र धाकधूक होती. हाही कपाटावर गेला, तर तो हात तसाच राहणार होता.

शेवटी नेहमीच्या मापाचा कीबोर्ड जोडला. आत्या डाव्या हाताने टाइप करू लागली, आणि दुसऱ्या ओळीला पडदा काळा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पेटी चांगली चटका देत होती. आतोबांनी सवयीने प्रत्येक सांध्यात मेण भरलं होतं, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी. आतली गरम हवा जाणार कुठून?

"अहो, आमच्या कॉम्प्युटरला मागे फटी होत्या," आत्या म्हणाली.

"अगो, फटी ठेवल्या तर खार शिरेल."

"शिरू दे. गंजायला वर्षं लागतील. तोवर मला पुरे."

आतोबा आत जाऊन गिरमिट घेऊन आले आणि एकेक भोक पाडू लागले. प्रत्येक भोकाला त्यांच्या जिवाला काय होत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

या वेळी पडदा टिकला. आत्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. एक बोट हललं. बटण दाबलं गेलं, पण बोट काही उचलेना. ओळभर नुसता 'क' उमटत गेला. ती ओशाळून पुसायला गेली, तर आतोबांनी तिचा हात धरला.

"राहू दे गो ते."

आत्याने खालची ओळ घेतली आणि उजवं बोट पुन्हा टेकवलं.