डाव्या अंगाचं गटार

मी फिगर स्केटिंगची राष्ट्रीय विजेती, असं आमच्या नगरजवळच्या भिंगारमध्ये कोणाला सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "मग बर्फ कुठंय?" रसवंतीत, असं मी सांगते. आमचं स्केटिंग चाकांवरचं, सिमेंटच्या कोर्टावरचं. उड्या आणि गिरक्या मात्र त्याच.

हे कोर्ट वडिलांच्या क्वार्टरमागं. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून होते. कोर्टाच्या डाव्या अंगाला उघडं गटार होतं, म्हणून मी गिरकी शिकले ती उजवीकडे. बाकीचे बहुतेक डावीकडे फिरत. स्पर्धेआधीच्या सरावात मी सगळ्यांना आडवी जायचे आणि पंच ओरडायचे, "नगरवाली आली, सांभाळा!" मला त्याचा कोण तोरा! पुढं शिकवायला लागले तेव्हा येईल त्या पोराला उजवीकडेच फिरवलं. आपली नगरची पद्धत, म्हणायचे.

हळूहळू पोरं कमी झाली. काही वेगाच्या शर्यतींकडे वळली, काहींचे क्लास सुरू झाले. माझं लग्न राहूनच गेलं होतं, आईवडीलही गेले. शेवटी सकाळी सहाला येणारी एकच मुलगी उरली. तिचे वडील रिक्षा चालवतात. खरं सांगायचं तर तिच्यामुळेच मी अंथरूण सोडायचे.

हवेत दोन फेऱ्या घ्यायच्या उडीत ती तीन वर्षं पडत होती. मी तिच्यावरच डाफरायचे, "लक्ष नाही तुझं!" लक्ष होतं तिचं. पहिल्या दिवशी ती आपसूक डावीकडे फिरली होती आणि मीच खांदे धरून तिला उलटं वळवलं होतं. पुण्याच्या एका प्रशिक्षिकेनं स्पर्धेत तिला पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही डावीकडची आहे, ताई. माझ्याकडे पाठवा." घरी येऊन मी महिनाभर तोंड उघडलं नाही. पोरगी गेली तर सकाळी सहाला मी करू काय, एवढीच भीती होती. मग एक दिवस ती पडली आणि हनुवटी फुटली. टाके घालून झाल्यावर दवाखान्याच्या बाकावरच मी तिच्या वडिलांना सांगितलं, "हिला पुण्याला पाठवा."

परवा तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. दोन फेऱ्या, त्याही डावीकडे, आणि उतरली ती अगदी सहज. लगेच फोन आला.

"मॅडम, बघितलं का?"

"बघितलं. हात जरा लवकर उघडलेस."

ती हसली. म्हणाली, "मॅडम, लई सोपं हाय हो या बाजूनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कोर्टावर गेले. स्केट्स बांधले, डावीकडे वळायला खांदा टाकला आणि अर्ध्यातच पाय आखडला. तिथलं गटार बुजवून वीस वर्षं तरी झाली असतील.