सुतकाचं पाणी

आबांना लकवा मारला आणि मी त्यांना औंढ्याहून वलवणला माझ्या फ्लॅटवर घेऊन आलो. उजवी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. दिवसभर खुर्चीत बसून ते माझ्या बायकोच्या भाकरीला, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला आणि हायवेच्या आवाजाला नावं ठेवायचे. त्यांचं मन रमावं म्हणून मी तळेगावातून काचेची टाकी आणि सहा एंजल मासे आणले. चपटे, काळ्या पट्ट्यांचे, लांब पंखांचे.

"ह्यांचं कालवण तरी हुतं का?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मग बघायचं काय त्यांच्यात, डोंबल?"

बघायला तेच लागले. एंजलची जोडी आपण लावून लागत नाही. पाच-सहा जण एकत्र वाढवायचे, त्यांतले दोघं आपापले जमतात आणि जमले की बाकीच्यांना कोपऱ्यात दाबून हाणतात. हाणामारी सुरू झाली तशी आबा खूश. बाकीचे चार मी दुकानात परत देऊन आलो. गावच्या घराचं एक फुटकं कौल धुऊन टाकीत उभं केलं आणि मादीने त्यावर ओळीने अंडी घातली. आबांनी फोन करकरून सगळ्या औंढ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कौल साफ! दोघांनी मिळून अंडी खाल्ली होती.

"आरं मुडद्या, सवताची पोरं खातूस?" आबा काचेवर ओरडले. मी मोबाइलवर वाचून दाखवलं की हे मासे घाबरले, कुणी सारखं डोकावलं, आवाज झाला की असं करतात. झालं. त्या दिवसापासून आमचा हॉल बाळंतिणीची खोली झाला. टाकीला तीन बाजूंनी चादर. टीव्ही बंद. बेलची वायर काढलेली. बायकोच्या भिशीच्या बायका आल्या तर आबा खुर्चीतूनच हात हलवायचे, "हितं बाळंतीण हाय, मागनं या." बायको माझ्यावर इतकी चिडली की दोन दिवस बोलली नाही. आणि मी आबांवर चिडलो, कारण माझी क्रिकेटची मॅच बुडाली.

तरी पुढची अंडी खाल्ली. त्याच्या पुढचीही. आबा जेवायचे नाहीत त्या दिवशी. मी म्हणायचो, आबा, मासे आहेत ते. ते म्हणायचे, तुला काय कळतंय. मग एकदा मात्र अंडी टिकली. नर-मादी आळीपाळीने पंखांनी पाणी हलवत उभे राहिले. पांढरं पडलेलं खराब अंडं मादी तेवढं वेचून खायची. अंड्यांतून शेपट्या वळवळायला लागल्या तेव्हा आबांनी मला ऑफिसात फोन केला आणि फोनवर नुसतेच हसत राहिले. बापाला असं हसताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दुपारच्या चहाला ते गेले. टाकीसमोर, खुर्चीतच. बायकोने कप हातात दिला आणि तो त्यांनी धरलाच नाही.

घर भरलं. औंढ्याची, परंदवडीची, कुठली कुठली माणसं. पिल्लं नेमकी तेव्हाच सुटी पोहायला लागली, आई-बापांच्या भोवती धुरळा उठावा तशी. त्यांना आर्टेमिया लागतो, म्हणजे डोळ्याला धड न दिसणारी कोळंबीची पिल्लं. बाटलीत मिठाच्या पाण्यात ती रोज ताजी काढायची आणि दिवसातून कितीदा तरी थेंबाथेंबाने घालायची. नाही घातली की पिल्लं मेली. मी घालत होतो. त्या घरात आबांचं म्हणून जिवंत राहिलेलं तेवढंच होतं, आणि ते मला कसंही करून जगवायचं होतं. मागून मात्र ऐकू यायचं, "बाप जाऊन राख न्हाई गार झाली आन् हा मासं चारतोय." चुलते तर तोंडावर म्हणाले, "लोकं काय म्हनतील?" मी म्हणालो, "लोकांना चहा मिळाला ना? मग बस झालं." राग राग केला सगळ्यांनी. करा म्हटलं.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी गेलो. मुंडण, पिंड, मांडवात माइक. आबांना कधी न भेटलेल्या पुढाऱ्याने त्यांच्यावर भाषण ठोकलं. मग पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, खाली यायला तयार नाहीत. ऊन चढलं. ज्याला जे सुचेल ते तो पिंडापुढे जाऊन बोलायला लागला. नातीचं लग्न थाटात करू. जमिनीचा तुकडा विकणार न्हाई. कुणीतरी तंबाखू ठेवली, कुणी चहा ठेवला. कावळा ढिम्म. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की पोराचंच काहीतरी चुकलंय. माझं डोकं फिरलं. मी ह्यातलं काही मानत नाही. पण उठलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "आबा, तुमची पिल्लं मी वाढवतो! एकालाही मरू देत नाही!"

कावळा उतरला. माझा मेव्हणा हसला, चुलत्यांनी हात जोडले, आणि मी तिथे दगडावर बसून हमसून हमसून रडलो. खरं सांगतो, त्या क्षणी मानलं मी सगळं.

घरी आलो तर हॉल लख्ख धुतलेला. आत्या गुडघ्यांमुळे घाटावर आली नव्हती. आबांची पाठची बहीण, परंदवडीला दिलेली, आमच्या आईमागे मला जेवू घातलेली ती हीच. तिने शेजारणींना हाताशी धरून सुतक काढलं होतं. माठ ओतला, पिंपं ओतली, घरातलं साठवलेलं सगळं पाणी सुतकाचं म्हणून सांडलं. शेजारणी म्हणाल्या, टाकीचंही सांडा. आत्या म्हणाली, न्हाई, जीव हायेत, मरत्याल. पाणी सांडायचं नाही म्हणून तिने ते शुद्ध केलं. स्वतःच्या गाईचं गोमूत्र तिने कॅनमधून आणलं होतं, त्यातलं तांब्याभर टाकीत ओतलं. हळद-कुंकूही वाहिलं.

पाणी पिवळट झालं होतं आणि वर फेस आला होता. पिल्लं तळाशी पांढऱ्या रव्यासारखी पडली होती. नर आडवा. मादी तोंड वर काढून धापा टाकत होती. तिला मी बादलीत काढली, नळाचं पाणी, औषध, जे हाताला लागेल ते केलं. नर गेला. ती राहिली.

तोवर पानं वाढली होती आणि पंगतीत गोष्ट तयारही झाली होती. आबांनी पिल्लं संगट नेली. म्हणूनच कावळा शिवला. मी जगवतो म्हणून बोललो ते ह्यांच्या लक्षातच नाही! "लय जीव हुता त्यांचा," म्हणत भजी मागून घेत होते. मला सगळ्यांची पानं उचलून फेकावीशी वाटली.

आत्या मात्र जेवायला बसली नव्हती. ती टाकीपाशी उभी होती. सगळ्यांसमोर तिने मला विचारलं, "मी मारली का रं ती?"

बायकोने माझा हात दाबला. काय उत्तर द्यायचं ते मलाही ठाऊक होतं.

"हो आत्या," मी म्हणालो. "तुम्हीच मारली."

तिने पदर तोंडावर घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने ती निघून गेली. वर्षश्राद्धालाही आली नाही. औंढ्यात मी आता बापाच्या दहाव्याला आत्याला घालवून देणारा. खोटं बोललं असतं तर काय बिघडलं असतं, असं बायको अजून विचारते. बिघडायचं काय राहिलं होतं, असं मी अजून म्हणतो.

परवा मादीने एकटीनेच फिल्टरच्या नळीवर अंडी घातली. नर नाही, त्यामुळे त्यांतून काही निघणार नाही. दुसऱ्याच दिवशी सगळी पांढरीफटक पडली. तरी ती पंख हलवत पुढ्यात उभी. आणि नेमका त्या दिवशी आत्याचा फोन आला, इतक्या दिवसांत पहिला.

"हाय का रं एखादा मासा?"

"एक आहे. मादी."

"अंडी घालती का?"

"घातलीत कालच."

पलीकडे ती रडायला लागली. देवा, पावलास रं बाबा, म्हणाली. माझ्या हातनं झालं त्ये फिटलं, म्हणाली. मग सावरून म्हणाली, "पिल्लं पवायला लागली की कळव, मी बघाय येती."

"कळवतो," मी म्हणालो. काय कळवणार, कपाळ!