पाच मिनिटं आधी

फिनलंडमधल्या आमच्या तुर्कू गावात इर्यामावशीला कुणीही विचारावं, "स्टॉकहोम किती लांब?" उत्तर ठरलेलं, "एक रात्र." चाळीस वर्षं बेकरीत राय धान्याचे काळे पाव भाजले बाईनं, आणि दर सप्टेंबरात आठवडाभर रजा टाकून संध्याकाळच्या जहाजात बसायची. धाकटी बहीण आउने विशीतच तिकडच्या कारखान्यात कामाला गेली, ती तिकडचीच झाली. विमानाचं नाव काढलं की मावशी फणकारायची, "कुठे आग लागलीये का मला?"

एका मंगळवारी सकाळी सातलाच माझं दार धडाधड वाजलं. शेजारीण म्हणून मावशीची पहिली हाक मलाच! आउनेचा फोन आला होता, तिच्या हृदयाचं ऑपरेशन आजच, दुपारी बाराला.

"वाचेलच असं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत गं. त्याआधी मला तिला बघायचंय."

सकाळचं जहाज पोचणार संध्याकाळी. मी म्हटलं, "मावशी, आता नखरे पुरे. विमान. मीही येते सोबत."

विमानतळावर तिकीट हातात पडलं आणि बाई अडूनच बसली. सुटणार नऊ दहाला, पोचणार नऊ पाचला.

"निघायच्या आधीच पोचतं? छापणाऱ्याला डोकं आहे की नाही?"

"अहो, तिकडची घड्याळं तासभर मागे. विमानाला पंचावन्न मिनिटंच लागतात."

"घड्याळाचं मला शिकवू नकोस, जन्म गेला जाण्यायेण्यात! पण जहाजात..." ती तिकीट उलटसुलट करून बघायला लागली. जहाजावर घड्याळ फिनलंडचंच चालतं आणि तो तास झोपेत जातो. तो कधी तिच्या ध्यानातच आला नव्हता.

विमानात मात्र तिनं मला भंडावून सोडलं. किलोमीटर किती? अडीचशेच्या वर थोडे. "म्हणजे आपल्याच देशातल्या कुओपिओपेक्षा जवळ? काय सांगतेस!" खिडकीला नाक लावून बेटं मोजायला लागली. कॉफी संपायच्या आत विमान खाली उतरायला लागलं, तर तिला चक्क राग आला.

साडेदहाला आम्ही हॉस्पिटलात, आउनेच्या खाटेशी.

"तू? अगं, सकाळी तर फोन केला तुला!"

"विमानानं आले! पंचावन्न मिनिटं गं फक्त. घड्याळात बघशील तर पाच मिनिटं आधीच पोचले!" मावशी लहान पोरीसारखी हसत होती. आउनेही हसली. मग तिचं हसू ओसरलं.

"इर्या, आई गेली त्या दिवशी तू सकाळीच फोन केला होतास. म्हणालीस, निघू नकोस, रात्र लागते, पोचणार नाहीस. आई तर संध्याकाळपर्यंत होती ना?"

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "विमानाला इतकाच वेळ लागतो हे मला माहीतच नव्हतं गं. देवाशपथ. कधी कुणाला विचारलंच नाही मी."

मला तिथं उभं राहवेना, पण हलताही येईना. आउनेनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"मला न्यायला अजून तासभर आहे," ती म्हणाली. "तो दिवस सांग मला. सकाळपासून. काही गाळू नकोस."

मावशीनं कोटही न काढता खुर्ची ओढली आणि सांगायला लागली.